रटगर्सचा पॉल रोबसन (१९१५–१९१९) : एका महाविद्यालयीन क्रीडापटूच्या नोंदीचा इतिहास

१

शिक्षणसंस्थांच्या इतिहासलेखनात क्रीडेला बहुधा परिशिष्टाचे स्थान मिळते. संस्थापक, कुलगुरू, इमारती आणि अभ्यासक्रम यांची हकीगत संपली की शेवटी कोणत्या साली कोणता करंडक जिंकला याची एक यादी जोडली जाते आणि वाचक ती न वाचताच ग्रंथ मिटतो. परंतु जी संस्था एखाद्या समाजाला वर्गात, भोजनगृहात आणि वसतिगृहात अनिच्छेने प्रवेश देते, तीच त्या समाजातील एका तरुणाला मैदानावर मात्र आग्रहाने पुढे करते, तेव्हा ही यादी परिशिष्ट राहत नाही. त्या संस्थेचे आपल्या विद्यार्थ्याशी नाते काय होते, याचे ते एक महत्त्वाचे साधन बनते.

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील रटगर्स महाविद्यालयात १९१५ ते १९१९ या चार वर्षांत शिकलेला पॉल रोबसन हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा विषय आहे. पुढे गायक, नट आणि राजकीय कार्यकर्ता म्हणून तो जगभर ओळखला गेला. त्या कीर्तीच्या प्रकाशात त्याचे विद्यार्थिजीवन हे केवळ प्रस्तावनेसारखे वाचले जाते. वस्तुतः फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि मैदानी स्पर्धा अशा चार क्रीडाप्रकारांत त्याने महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व केले, आणि या कामगिरीच्या नोंदीला स्वतःचा असा एक इतिहास आहे. ती नोंद प्रथम गौरवाने केली गेली, नंतर एका राजकीय क्षणी ग्रंथातून वगळली गेली, आणि अखेरीस पुन्हा मान्य झाली. या तीनही अवस्थांचा विचार येथे करावयाचा आहे.

२

पॉल रोबसनचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी प्रिन्स्टन येथे झाला. त्याचे वडील विल्यम ड्र्यू रोबसन हे नॉर्थ कॅरोलायनामधील एका मळ्यावर गुलाम म्हणून जन्मले होते. १८६० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते तेथून निसटले. पुढे पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात त्यांनी शिक्षण घेतले आणि प्रिन्स्टन येथील विदरस्पून रस्त्यावरील प्रेस्बिटेरियन चर्चचे ते धर्मोपदेशक झाले. १९०१ साली त्यांना ते पद सोडावे लागले. १९०४ साली घरातील आगीत भाजून पॉलच्या आईचा मृत्यू झाला. त्यानंतर हे कुटुंब वेस्टफील्ड आणि मग १९१० साली समरव्हिल येथे स्थायिक झाले.

प्रिन्स्टन हे विद्यापीठाचे गाव होते. परंतु त्या विद्यापीठाचे दार कृष्णवर्णीयांना बंद होते. पॉलच्या थोरल्या भावालाही तेथे प्रवेश नाकारण्यात आला होता. समरव्हिलच्या शाळेत पॉल अभ्यासात अग्रेसर होता, चारही खेळ खेळत होता, गात होता आणि वक्तृत्वस्पर्धांत भाग घेत होता. १९१५ साली रटगर्स महाविद्यालयाची राज्यव्यापी स्पर्धा-परीक्षा देऊन त्याने चार वर्षांची शिष्यवृत्ती मिळविली. या परीक्षेचा पूर्वार्ध आदल्या वर्षी होऊन गेला होता आणि त्याची वार्ता त्याला नव्हती. त्यामुळे इतरांनी दोन टप्प्यांत दिलेली चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा त्याला एकाच बैठकीत द्यावी लागली.

ही बाब किरकोळ वाटली तरी महत्त्वाची आहे. रोबसन रटगर्समध्ये आला तो परीक्षेच्या गुणांवर. खेळाडू म्हणून त्याला कोणी निवडून आणले नव्हते. महाविद्यालयाने त्याला मैदानावर शोधून काढल्याची जी कथा पुढे सांगितली जाऊ लागली, तिचा क्रम म्हणूनच उलटा लावून वाचावयास हवा.

रटगर्सची स्थापना १७६६ सालची, क्वीन्स कॉलेज या नावाने झालेली. रोबसनने प्रवेश घेतला तेव्हा तेथे सुमारे पाचशे विद्यार्थी होते आणि त्यांत तो एकटाच कृष्णवर्णीय होता. संस्थेच्या तोपर्यंतच्या जवळजवळ दीडशे वर्षांच्या इतिहासात तेथे शिकावयास आलेला तो तिसराच कृष्णवर्णीय विद्यार्थी मानला जातो. याच महाविद्यालयाने ६ नोव्हेंबर १८६९ रोजी प्रिन्स्टनविरुद्ध जो सामना ६ विरुद्ध ४ असा जिंकला, तो अमेरिकेतील पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना समजला जातो. म्हणजे फुटबॉल हा या संस्थेच्या आत्मप्रतिमेचाच एक भाग होता. त्या संघात कोण खेळतो, हा प्रश्न तेथे केवळ क्रीडाविषयक राहूच शकत नव्हता.

३

अमेरिकन फुटबॉल हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून भिन्न आहे. अंडाकृती चेंडू हातात धरून प्रतिपक्षाची फळी फोडीत पुढे जाणे आणि प्रतिपक्षाने त्या खेळाडूस अंगाने अडवून खाली पाडणे, हे त्याचे मुख्य स्वरूप होय. अंगाशी अंग भिडविणारा हा खेळ असल्यामुळे एखाद्याला संघात येऊ द्यावयाचे नसेल, तर सरावाच्या मैदानावरच त्याचा निकाल लावणे शक्य असते. आणि ते नियमबाह्यही दिसत नाही.

१९१५ च्या हिवाळ्यापूर्वीच्या सत्रात जॉर्ज फॉस्टर सॅनफर्ड या प्रशिक्षकाच्या हाताखाली रोबसन पहिल्यांदा सरावास उतरला, तेव्हा नेमके हेच घडले. त्याने स्वतः पुढे सांगितलेल्या हकीगतीप्रमाणे, त्याच्या भावी सहकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्याचे नाक फोडले आणि खांदा निखळविला. दहा दिवस तो अंथरुणाला खिळून होता. या दुखण्यातून उठून तो पुन्हा मैदानावर आला, तेव्हा एका खेळाडूने खिळ्यांच्या बुटाने त्याचा हात चिरडला आणि बोटांची नखे उखडली गेली. त्यानंतरच्या चढाईत संतापलेल्या रोबसनने चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरले. आणि तो त्याला जमिनीवर आपटणार, तोच सॅनफर्डने त्याची मुख्य संघात निवड झाल्याचे ओरडून सांगितले. त्या नाकाचा त्रास त्याला पुढे गायनाच्या व्यवसायातही जाणवत राहिला.

ही हकीगत क्रीडावाङ्मयात धैर्याची कथा म्हणून अनेकदा येते. परंतु तिच्यातील एक अंग सहसा दुर्लक्षित राहते. वडिलांनी त्याला निघताना बजावले होते की, तो तेथे केवळ स्वतःसाठी गेलेला नाही. त्याच्यामागून येऊ इच्छिणाऱ्या अनेक कृष्णवर्णीय मुलांचा तो प्रतिनिधी आहे, आणि म्हणून त्याने मैदान सोडता कामा नये. अंथरुणावर पडलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने परत जाण्याचा निर्णय घेतला तो या दायित्वापोटी. इतर कोणत्याही खेळाडूला सरावाच्या मैदानावर असा भार वाहावा लागत नव्हता.

यानंतरच्या चार वर्षांतील त्याची कामगिरी विलक्षण आहे. सुमारे सहा फूट तीन इंच उंचीचा आणि दोनशे पौंडांहून अधिक वजनाचा हा तरुण शरद ऋतूत फुटबॉल खेळे. प्रारंभी तो फळीच्या मध्यभागी आणि पुढे ‘एंड’ म्हणजे फळीच्या टोकाच्या जागी खेळू लागला. हिवाळ्यात तो बास्केटबॉल संघात मध्यस्थानी असे. वसंत ऋतूत बेसबॉलमध्ये ‘कॅचर’ची, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याची, जागा तो सांभाळी, आणि त्याच ऋतूत गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक यांतही महाविद्यालयातर्फे उतरे.

एकाच विद्यार्थ्याने इतके खेळ खेळणे त्या काळी कसे शक्य होते, याची कारणे त्या काळच्या महाविद्यालयीन व्यवस्थेत सापडतात. खेळांची वाटणी ऋतूंनुसार झालेली होती. पाचशे विद्यार्थ्यांच्या संस्थेला प्रत्येक खेळासाठी स्वतंत्र खेळाडू मिळणे कठीण होते. फुटबॉलमध्ये चढाईसाठी एक व बचावासाठी दुसरा असा वेगळा चमू ठेवण्याची पद्धत रूढ झालेली नव्हती. एकच खेळाडू दोन्ही कामे करीत असे. आजच्या काळातील विशेषीकरणाने ही शक्यता फार संकुचित केली आहे. तथापि व्यवस्थेने संधी सर्वांनाच दिली होती, आणि तिचा असा उपयोग करणारे विद्यार्थी मोजकेच निघाले, हेही विसरता येत नाही.

या कामगिरीची नोंद ज्या चिन्हाने होत असे, ते चिन्ह भाषेच्या अभ्यासकालाही रोचक वाटेल. अमेरिकन महाविद्यालयांत मुख्य संघातून एक हंगाम खेळलेल्या विद्यार्थ्याला संस्थेच्या नावाचे आद्याक्षर कापडात कापून दिले जाते. ते तो आपल्या लोकरी अंगरख्यावर शिवून घेतो. या मानाला नुसते ‘लेटर’, म्हणजे अक्षर, असेच म्हणतात. रोबसनला मिळालेल्या अशा अक्षरांची संख्या बहुतेक लेखनात पंधरा दिली आहे, काही ठिकाणी बारा. अक्षर अंगावर धारण करणे म्हणजे ‘मी या संस्थेचा आहे’ असे सांगणे, आणि संस्थेनेही ‘हा आमचा आहे’ असे मान्य करणे. हा करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला काय, हा खरा प्रश्न आहे.

४

त्याचे उत्तर दोन सामन्यांत शोधता येते.

१९१६ च्या ऑक्टोबरमध्ये रटगर्सने आपला दीडशेवा वर्धापनसोहळा साजरा केला. त्या सोहळ्याचा भाग म्हणून १४ ऑक्टोबर रोजी व्हर्जिनियातील वॉशिंग्टन अँड ली या महाविद्यालयाशी फुटबॉलचा सामना ठेवण्यात आला होता. दक्षिणेकडून आलेल्या या पाहुण्या संघाने कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध उतरण्यास नकार दिला. आणि रटगर्सने ती मागणी मान्य करून रोबसनला बाहेर बसविले. सामना १३–१३ असा बरोबरीत सुटला. संस्थेच्या दीडशे वर्षांच्या गौरवाचा तो दिवस होता, आणि त्याच दिवशी तिच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाला तिचे अक्षर अंगावर घालून मैदानात उतरता आले नाही.

पुढल्या वर्षी, १९१७ साली, वेस्ट व्हर्जिनियाच्या संघाशी सामना होता. त्यांच्याकडूनही हीच मागणी झाली. या वेळी सॅनफर्डने ती साफ नाकारली. रोबसन खेळला आणि सामना ७–७ असा बरोबरीत राहिला. 

दोन वर्षांत झालेला हा बदल तत्त्वनिष्ठेतून आला, असे म्हणण्यास मन धजत नाही. १९१६ आणि १९१७ यांमध्ये रटगर्सचे कोणतेही जाहीर धोरण बदललेले दिसत नाही. रोबसनचे संघातील मोल मात्र वाढले होते. १९१७ च्या हंगामात रटगर्सने सात सामने जिंकले, एक गमावला आणि एक बरोबरीत सोडविला. २४ नोव्हेंबर रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड या क्रीडांगणावर न्यूपोर्ट येथील नौदल राखीव दलाच्या संघाशी त्यांची गाठ पडली. महायुद्धामुळे लष्करी सेवेत आलेल्या माजी नामांकित महाविद्यालयीन खेळाडूंचा तो संघ रटगर्सला सहज हरवील, अशी अपेक्षा होती. रटगर्सने तो सामना १४–० असा जिंकला आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी रोबसनच्या खेळाचे भरभरून वर्णन केले. ज्याच्यामुळे असे विजय मिळतात, त्याला बाहेर बसविणे संस्थेला परवडणारे नव्हते, हा निष्कर्ष अटळ वाटतो.

१९१६ च्या घटनेवरील एक निषेधपत्र उपलब्ध आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. जेम्स डिक्सन कार हे रटगर्सचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. १८९२ साली ते उत्तीर्ण झाले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये वकिली करू लागले. ६ जून १९१९ रोजी, म्हणजे रोबसनच्या पदवीदान समारंभाच्या अवघे चार दिवस आधी, त्यांनी रटगर्सचे अध्यक्ष विल्यम डेमरेस्ट यांना पत्र लिहिले. दक्षिणेच्या एका संघाच्या आक्षेपापुढे नमून महाविद्यालयाने आपल्याच विद्यार्थ्याला वगळले, हा संस्थेच्या तत्त्वांशी केलेला द्रोह होय, असे त्यांचे म्हणणे होते. हे पत्र लिहिणारा मनुष्य संस्थेचा शत्रू नव्हता. तिचा पदवीधर होता आणि तिच्याविषयी अभिमान बाळगणारा होता. संस्थेच्या वर्तनाचे मोजमाप त्याने तिच्याच घोषित मूल्यांनी केले.

५

मैदानाबाहेरील रोबसनची नोंदही तितकीच भरीव आहे. तिसऱ्या वर्षीच तो ‘फाय बीटा कॅपा’ या विद्वत्तेच्या मानसंस्थेत निवडला गेला. चौथ्या वर्षी ‘कॅप अँड स्कल’ या मंडळात, ज्यात पदवीच्या वर्षातील केवळ चार विद्यार्थी घेतले जात, त्याचा समावेश झाला. वक्तृत्वाचे पारितोषिक त्याने चारही वर्षे मिळविले. मे १९१८ मध्ये वडिलांचे निधन झाले, त्यानंतर काही दिवसांतच तो वक्तृत्वस्पर्धेत उभा राहिला आणि ती जिंकला. कारण तसे वचन त्याने वडिलांना दिले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो ऱ्होड आयलंडमधील नॅरागॅन्सेट येथील उपाहारगृहांत नोकरी करी.

परंतु येथेही सीमारेषा स्पष्ट होत्या. पुढे ज्याच्या आवाजाने जगातील मोठी सभागृहे भरली, त्याला महाविद्यालयाच्या गायकवृंदात पूर्ण सभासदासारखे स्थान नव्हते. गावातील कार्यक्रमांत तो गाई. बाहेरगावच्या दौऱ्यांवर मात्र त्याला नेले जात नसे, कारण कार्यक्रमानंतर सामाजिक मेळावे आणि नृत्ये असत. संघाने प्रवास केला तर भोजनगृहाचा आणि निवासाचा प्रश्न उभा राही. मैदानावरची समानता मैदानाच्या कडेला संपत होती.

या अनुभवाचा बौद्धिक परिपाक त्याच्या पदवीच्या प्रबंधात दिसतो. अमेरिकेच्या संविधानातील चौदाव्या दुरुस्तीवर त्याने तो लिहिला आणि तिला त्या संविधानातील ‘निद्रिस्त महाकाय’ असे संबोधिले. १८६८ साली स्वीकृत झालेल्या या दुरुस्तीने प्रत्येक व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण देण्याचे वचन दिले होते. ते वचन प्रत्यक्षात निद्रिस्त राहिले असले तरी त्यात मोठे सामर्थ्य साठलेले आहे, असा या संज्ञेचा आशय. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद अवैध ठरविला, तो याच दुरुस्तीच्या आधारे. एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पस्तीस वर्षे आधी नेमक्या त्या कलमावर बोट ठेवले होते, हे त्याच्या अभ्यासाच्या गांभीर्याचे द्योतक आहे.

१० जून १९१९ रोजी पदवीदान समारंभात वर्गाच्या वतीने निरोपाचे भाषण करण्याचा मान त्याला मिळाला. ‘नवा ध्येयवाद’ हा त्याच्या भाषणाचा विषय होता. महायुद्धात एकत्र लढलेल्या देशाने आता सर्व नागरिकांना समान संधी द्यावी, हे त्याचे सूत्र. वर्गबंधूंनी वार्षिकात असे भाकीत रंगविले की, १९४० पर्यंत तो न्यू जर्सीचा राज्यपाल झालेला असेल. भाकितातील आपुलकी खोटी नव्हती. परंतु त्या भाषणानंतर काही आठवड्यांतच वॉशिंग्टन, शिकागो आणि इतर अनेक शहरांत कृष्णवर्णीयांविरुद्ध रक्तरंजित दंगली उसळल्या. महाविद्यालयाच्या आवारातील सद्भाव आणि बाहेरचे वास्तव यांतील अंतर इतके होते.

६

पदवीनंतरची हकीगत येथे तिच्या क्रीडाविषयक अंगापुरतीच पाहावयाची आहे. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत असताना रोबसनने १९२१ साली अ‍ॅक्रनच्या आणि १९२२ साली मिलवॉकीच्या व्यावसायिक संघातून फुटबॉल खेळून शिक्षणाचा खर्च भागविला. अ‍ॅक्रन येथे त्याच्यासोबत फ्रिट्झ पोलार्ड हा दुसरा नामवंत कृष्णवर्णीय खेळाडू होता. ज्या व्यावसायिक संघटनेत हे दोघे खेळले, तिनेच १९३४ ते १९४५ या बारा हंगामांत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला घेतले नाही. म्हणजे एकदा उघडलेले दार पुन्हा बंदही होऊ शकते. प्रगती ही सरळ रेषेत होते, ही समजूत क्रीडेचा इतिहास टिकू देत नाही. १९२३ साली कायद्याची पदवी मिळाल्यावर रोबसनने एका वकिली कार्यालयात अल्पकाळ काम केले. तेथील एका लेखनिकेने कृष्णवर्णीयाकडून मजकूर लिहून घेण्यास नकार दिला आणि त्याने तो व्यवसाय सोडला. पुढील मार्ग रंगभूमीचा आणि गायनाचा होता. १९३३–३४ मध्ये लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत त्याने आफ्रिकी भाषांचा आणि ध्वनिशास्त्राचाही अभ्यास केला.

क्रीडेशी त्याचा संबंध मात्र तुटला नाही. ३ डिसेंबर १९४३ रोजी, न्यूयॉर्कमध्ये ‘ऑथेल्लो’ची भूमिका गाजत असतानाच, तो बेसबॉल संघांच्या मालकांपुढे आणि आयुक्त लँडिस यांच्यापुढे उभा राहिला, आणि कृष्णवर्णीय खेळाडूंना मुख्य संघांत घ्यावे, अशी त्याने मागणी केली. ही मागणी एका माजी खेळाडूची होती, आणि तिला रटगर्सच्या चार वर्षांचा आधार होता. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून खेळला आणि बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत कोसळली. ते क्रीडांगण होते एबेट्स फील्ड. तीस वर्षांपूर्वी रोबसनने न्यूपोर्टच्या संघावर विजय मिळविला होता तेच. रॉबिन्सन हाही चतुरस्र महाविद्यालयीन खेळाडू होता. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि मैदानी स्पर्धा या चारही प्रकारांत अक्षर मिळविणारा तो तेथील पहिला विद्यार्थी. मात्र १९४१ साली पदवी न घेताच त्याला बाहेर पडावे लागले होते.

या दोघांना इतिहासाने ज्या रीतीने समोरासमोर आणले, ती रीत क्लेशदायक आहे. एप्रिल १९४९ मध्ये पॅरिस येथील शांतता परिषदेत रोबसनने केलेल्या भाषणाचा विपर्यस्त वृत्तांत अमेरिकेत प्रसृत झाला आणि त्याच्यावर देशद्रोहाचे आरोप होऊ लागले. १८ जुलै १९४९ रोजी अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने रॉबिन्सनला साक्षीस बोलाविले. त्याने रोबसनच्या कथित विधानाशी असहमती दर्शविली. त्याच साक्षीत वर्णभेदाचा स्पष्ट निषेधही केला. वृत्तपत्रांनी पहिला भाग ठळक छापला. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात रॉबिन्सनने रोबसनविषयी आपला आदर वाढल्याचे नमूद केले.

१९५० साली सरकारने रोबसनचे पारपत्र रद्द केले. त्याच्या मैफली बंद पडल्या. नोंदीच्या इतिहासातील दुसरी अवस्था ती हीच. महाविद्यालयीन फुटबॉलची सर्वांत संपूर्ण नोंद म्हणून त्याच वर्षी ज्या ग्रंथाची वाखाणणी झाली, त्यात रोबसनचे नाव ना रटगर्सच्या संघात होते, ना ‘अखिल अमेरिकी’ संघात. या वगळण्याचा अर्थ समजण्यासाठी ‘अखिल अमेरिकी’ संघ म्हणजे काय, हे ध्यानी घ्यावयास हवे. देशभरच्या महाविद्यालयांतून प्रत्येक जागेसाठी सर्वोत्तम खेळाडू निवडून तज्ज्ञ ही यादी प्रसिद्ध करतात. १९१७ आणि १९१८ या दोन्ही वर्षी अशा याद्यांत रोबसनचे नाव आले होते. १९१८ साली या प्रथेचा अध्वर्यू वॉल्टर कँप याने त्याला पहिल्या संघात घेतले. बचावात फळीच्या टोकाला खेळणारा त्याच्या तोडीचा खेळाडू मैदानावर उतरलेला नाही, असा कँपचा अभिप्राय होता. हा संघ प्रत्यक्ष मैदानात कधीही उतरत नाही. त्याचे अस्तित्व केवळ कागदावर असते. म्हणून कागदावरून नाव काढणे म्हणजे तो मान कधी मिळालाच नव्हता असे ठरविणे होय.

७

१२ जून १९५६ रोजी रोबसन स्वतः त्या चौकशी-समितीपुढे आला. तेथील प्रश्नोत्तरांतील एक भाग या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण आहे. समितीचे अध्यक्ष फ्रान्सिस वॉल्टर यांनी त्याला विचारले की, तो कोणत्या पूर्वग्रहाविषयी बोलतो आहे? तो रटगर्सचा पदवीधर आहे. लीहाय येथे फुटबॉल खेळताना आपण त्याला पाहिल्याचे आठवते. त्या सामन्यात आम्ही लीहायला हरविले होते, असे रोबसनने उत्तर दिले. अध्यक्षांचे म्हणणे असे की, त्याच्याविरुद्ध तर काही पूर्वग्रह नव्हता. यावर रोबसनने ठामपणे हरकत घेतली. आपल्यासारख्या किंवा जॅकी रॉबिन्सनसारख्या मोजक्यांच्या यशाने, वर्षाला सातशे डॉलरांवर गुजराण करणाऱ्या दक्षिणेतील हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांच्या स्थितीची भरपाई होत नाही, असा त्याचा आशय होता. सात वर्षांपूर्वी ज्याला त्याच्याविरुद्ध साक्षीस उभे केले गेले, त्या रॉबिन्सनचे नाव त्याने येथे आपल्याच बाजूला घेतले, हेही लक्षणीय आहे.

एकीकडे क्रीडाग्रंथातून त्याची नोंद पुसली जात होती; दुसरीकडे समितीचे अध्यक्ष तीच नोंद, पूर्वग्रह नसल्याचा पुरावा म्हणून, त्याच्यासमोर ठेवीत होते. या दोन कृतींत विसंगती आहे असे वरवर वाटते. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीत होते : क्रीडापटूचे यश ही संस्थेने आणि राष्ट्राने त्याला दिलेली देणगी आहे, ती दाखविताही येते आणि परतही घेता येते. रोबसनचे उत्तर या गृहीतालाच छेद देणारे होते. त्याची अक्षरे त्याने मिळविली होती. आणि ती कोणाच्या न्यायीपणाची साक्ष म्हणून वापरू देण्यास त्याचा नकार होता.

भारताने या नोंदीकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. ९ एप्रिल १९५८ रोजी रोबसनला साठ वर्षे पूर्ण होत होती आणि पारपत्राअभावी तो अजून देशाबाहेर पडू शकत नव्हता. त्या वेळी भारतात त्याचा वाढदिवस साजरा करण्यासाठी जी समिती स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी स्वीकारले होते, आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी समारंभाला आपला पाठिंबा प्रकट केला. अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यांनी आपली नाराजी कळविली, तरी समारंभ झाला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयानंतर रोबसनला पारपत्र परत मिळाले. २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्याचे निधन झाले.

नोंदीची तिसरी अवस्था त्यानंतरची. १९९५ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी आणि शेवटच्या महाविद्यालयीन हंगामानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी, महाविद्यालयीन फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला. २०१९ च्या एप्रिलमध्ये, पदवीच्या शताब्दीनिमित्त, रटगर्सने आपल्या आवारातील एका चौकाला त्याचे नाव दिले.

या विलंबाची कारणे रोबसनच्या राजकीय मतांत आहेत, हे स्पष्टच आहे; त्या मतांविषयी, विशेषतः सोव्हिएट राज्यव्यवस्थेवरील त्याच्या श्रद्धेविषयी, अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत आणि ते राहणार. परंतु १९१७ साली एबेट्स फील्डवर काय घडले, हा मताचा विषय नव्हता. ज्या नोंदीला वस्तुस्थितीखेरीज दुसरा आधार लागू नये, अशी नोंदही मतांच्या आहारी जाऊ शकते, हा या प्रकरणाचा इतिहासकाराला पहिला धडा.

दुसरा धडा साधनांच्या वाचनाविषयी आहे. १४ ऑक्टोबर १९१६ च्या सामन्याचा धावफलक १३–१३ असा आहे आणि तो अचूक आहे. बाहेर बसलेल्या खेळाडूचा त्यात उल्लेख नाही. त्याच्यासाठी जेम्स कार यांचे पत्र पाहावे लागते. विजयांची यादी संस्था स्वतः जपते. तिने कोणाला केव्हा बाहेर बसविले, हे बहुधा दुसऱ्या कोणाला तरी लिहून ठेवावे लागते. महाविद्यालयीन क्रीडेचा इतिहास लिहिणाऱ्याने हे दोन्ही कागद एकत्र ठेवूनच वाचावयास हवेत.